सियागंजातला हम्माल, आमची शाल आणि पेशीची तारीख

जेलरोडकर | ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

विसर्जन झालं, मांडव उतरला. मंडळाच्या हिशेबाची वही यंदाही माझ्याच गळ्यात आहे. त्यात एक ओळ आहे : 'शाल, श्रीफळ, हार, सन्मानपत्र फ्रेमसह – १,१५०'. तीन दिवस ती डोक्यातून जात नाहीये. अशीच आणखी एक ओळ दुसऱ्या वहीत आहे. तिच्याबद्दल आत्ता नाही लिहीत, धीर झाला की लिहीन.

मी इंदूरला सियागंजात एका किराणा पेढीवर मुनीम आहे. ज्यांनी सियागंज पाहिलं नाही त्यांच्यासाठी : स्टेशनाजवळचा ठोक बाजार, अरुंद गल्ल्या, हातगाड्या, लोडिंग रिक्षा, हवेत मिरचीचा ठसका. आणि पाठीवर पोतं घेऊन 'बाजू, बाजू' ओरडत जाणारे हम्माल. (मराठीत हमाल, ठाऊक आहे. इथं दोन म शिवाय हाक ऐकू जात नाही.)

गोष्ट जुलै २०२४ ची. पहाटे साडेपाच, बारीक पाऊस. एक मुलगी परीक्षेसाठी रात्रीच्या बसनं आलेली, पाठीवर बॅग, हातात मोबाइल, रस्ता चुकून आमच्या गल्लीत मुडली. मागून एकानं बॅग ओढली. तिनं सोडली नाही, तसा त्यानं चाकू काढला. समोर आमच्याकडचा एक हम्माल ट्रकमधून माल उतरवत होता. पंचेचाळिशीचा माणूस, खरगोनकडचा, बावीस वर्षं याच गल्लीत. तो मध्ये गेला आणि चाकू डाव्या हातानं धरला. मुठीकडून नाही, पात्याकडून. बाकीचे येईपर्यंत सोडला नाही. चोर जागेवरच पकडला गेला. मुलीच्या दंडावर एक ओरखडा, बस.

आमच्या हम्मालाच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं आता वाकत नाहीत. ज्या हातानं आकडा अडकवून पोतं खेचायचं, तोच हात. आता तो पोत्यांची तोंडं शिवतो, गळकी पोती बदलतो, झाडतो. हम्मालांना नगावर मजुरी मिळते. जितके नग तितके पैसे. झाडण्याचे नग नसतात.

यंदा कॉलनीच्या गणपतीत त्याचा सत्कार करायचं मीच सुचवलं. पाहुणे वीस मिनिटं शौर्यावर बोलले. हा चपला खाली काढून खुर्चीच्या टोकावर बसलेला, डावा हात शालीखाली. 'दोन शब्द बोला' म्हणून माइक दिला तर म्हणाला, "कुछ नी भिया, हाथ बीच में आ गया." लोक हसले, टाळ्या पडल्या.

नंतर महाप्रसादाच्या पंगतीत मी वाढत होतो. त्यानं हळूच विचारलं, "मुनीमजी, तेईस को पेशी है. कोई पढ़ा-लिखा संग में चलेगा क्या?"

पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. एवढंच मागितलं त्यानं. मला विचारायचं आहे की सत्काराच्या पलीकडे काय काय करता येतं. कायद्यातलं, सरकारीतलं, कोणाला माहिती असेल तर सांगा. नाव लिहीत नाही, खटला चालू आहे.

---

पावभाजीप्रेमी

नतमस्तक.

---

तुळशीवृंदावन

वाचून काटा आला. नंबर द्या, आम्ही इथून थोडे थोडे पाठवतो.

अवांतर : मुडली म्हणजे वळली का? इंदुरी मराठी वाचायला मजा येते.

---

जेलरोडकर

हो, वळली. चाळीस वर्षं इथं राहिल्यावर आम्ही मुडूनच राहिलो आहोत, वळणं विसरलो.

पैशांचं जरा थांबूया, तो नको म्हणतो.

---

रोखठोक_७१

माझं मत कोणाला आवडणार नाही. हातावर पोट असलेल्या माणसानं असल्या भानगडीत पडू नये. ओरडायचं, लोक गोळा करायचे. बॅग गेली असती, दुसरं काय? आता याची दोन बोटं गेली आणि वर कोर्टाच्या फेऱ्या. आपण सत्कार करतो तेव्हा पुढच्या गरिबाला 'तूही हात घाल' असंच सांगत असतो ना?

---

नर्मदाकाठ

रोखठोक, १९९८ साली मी इंदुरात कॉलेजला होते. संध्याकाळी सातची वेळ, भर रस्ता. माझ्या वेळी कोणी मध्ये आलं नाही. ओरडले मी. लोक गोळाही झाले. गोळा होऊन बघत होते.

याहून जास्त लिहीत नाही. पण 'बॅग गेली असती' हे आधीपासून कोणालाच ठाऊक नसतं.

---

रोखठोक_७१

ताई, तुमच्यापुढे माझा मुद्दा नाही. माफ करा. पण त्याच्या फेऱ्यांचा प्रश्न खराच आहे.

---

नमकीन_सेव

जेलरोडकर, सरकारची राहवीर योजना आहे ना? पूर्वी ५,००० मिळायचे, या वर्षी २५,००० केलेत. मध्य प्रदेशात लागू आहे. तिचा अर्ज करा की.

---

काळाकोट

वकील आहे, फौजदारीच करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

राहवीर इथं बसत नाही. ती योजना रस्ता अपघातातल्या जखमीला वेळेत दवाखान्यात नेणाऱ्यासाठी आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, मग २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. तेही अपघातापुरतंच. चाकू खाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही.

मग उपयोग कशाचा?

पहिली गोष्ट, त्याच्या मनातली भीती काढा. असे लोक मला नेहमी विचारतात की मी त्या चोराला दाबून धरलं, मारलं, माझ्यावर तर केस होणार नाही ना? खासगी बचावाचा हक्क फक्त स्वतःच्या शरीरापुरता नसतो, दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या रक्षणाचा असतो. जुन्या दंडसंहितेत कलम ९७ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ३५ आहे. घटना जुलै २०२४ ची म्हणजे नवाच कायदा लागतो, तो १ जुलैपासून आला. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट आहे, पण इथं इजा यालाच झालीये.

दुसरी गोष्ट सगळे विसरतात. तो नुसता साक्षीदार नाही, तो स्वतः पीडित आहे. गुन्ह्यात जखमी झालाय. त्याला पीडित प्रतिकर योजनेतून भरपाई मागता येते. अर्ज जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे करायचा, फी नाही, आणि गरज असेल तर तिथंच मोफत वकीलही मिळतो. एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, दिव्यांगता प्रमाणपत्र जोडा. शालीचे १,१५० ठीक आहेत, पण हे त्याच्या हक्काचे आहेत.

तिसरं, पेशीच्या दिवसाचा वाजवी खर्च आणि भत्ता साक्षीदाराला सरकारकडून देता येतो. कोर्टात मागावा लागतो. मागत कोणी नाही, कारण सांगत कोणी नाही.

आणि तुळशीवृंदावन ताई, वर्गणी करायची तर खटला संपल्यावर, आणि पावतीनं. नाहीतर उलटतपासणीत पहिला प्रश्न येईल, 'तुम्हाला या साक्षीचे किती मिळाले?' खटला त्यानं पडत नाही, पण साधा माणूस तिथंच गडबडतो.

---

जेलरोडकर

काळाकोट, हे प्राधिकरणाचं आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. चौदा महिने गेले.

एक विचारू? आरोपी जामिनावर आहे. त्याचे दोन दोस्त कधीकधी चहाच्या टपरीवर येऊन बसतात. काही बोलत नाहीत. बसतात.

---

काळाकोट

हे आधी सांगायचं की हो! साक्षीदार संरक्षण योजना २०१८ आहे, सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरात मान्य केलेली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, पोलीस धोका किती ते तपासून अहवाल देतात. बंदूकधारी मिळतो असं नाही, पण टपरीवर बीटचा शिपाई दोनदा येऊन चहा पिऊन गेला तरी बसणाऱ्यांना कळतं. तारीख-वेळ टिपून ठेवा. कोण बसलं, कधी बसलं. तुम्ही मुनीम आहात, नोंदी तुमच्याइतक्या कोण ठेवणार?

---

हातमोजा

हाताची शस्त्रक्रिया हा माझा विषय, म्हणून थोडं.

लोक 'नस कापली' म्हणतात. बोट वाकवणारी दोरी असते ती नस नव्हे, कंडरा. प्रत्येक बोटाला अशा दोन. पातं मुठीत धरलं की नेमक्या त्याच कापल्या जातात. त्या लवकर, पहिल्या एक-दोन आठवड्यांत जोडल्या तर बरं, आणि जोडल्यावर साधारण तीन महिने जड काही उचलायचं नसतं. रोज व्यायाम, बोटांना पट्टी. नगावर कमावणाऱ्याला तीन महिने कसं सांगणार? ऑपरेशन झालं होतं का? झालं असेल तर तो किती दिवसांनी कामावर गेला?

---

जेलरोडकर

सरकारी दवाखान्यात चौथ्या दिवशी ऑपरेशन झालं. तो पाचव्या आठवड्यात परत आला. एका दुपारी पोतं ओढताना 'टक' झालं म्हणाला.

---

हातमोजा

तो टक म्हणजे टाका तुटला. कोणाचीच चूक नाही, किंवा सगळ्यांचीच आहे. एवढ्या उशिरा सरळ जोडता येत नाही, पण दुसरीकडची कंडरा घेऊन दोन टप्प्यांत करतात. सांधे आखडलेले नसतील तरच. एकदा हाताच्या तज्ज्ञाला दाखवा. पूर्वीसारखा आकडा धरता येईल असं मी म्हणणार नाही. पेला धरता येईल कदाचित.

---

बडोदेकर_काकू

आमच्याकडे बडोद्याला गेल्या वर्षी ऑगस्टात विश्वामित्री घरात शिरली होती. दूध टाकणारा मुलगा कंबरभर पाण्यातून तीन दिवस आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना औषधं आणून देत होता. त्या पाण्यात मगरी असतात हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. नवरात्रात आम्ही त्याला स्टेजवर बोलावलं तर तो आलाच नाही. म्हणाला, काकी, नवी गिऱ्हाइकं द्यायला बोलावलं असतं तर आलो असतो. मग आम्ही सोसायटीतल्या वीस घरांनी त्याच्याकडे दूध लावलं. त्याला तेच आवडलं.

---

फुटेज_नाही

एक निरीक्षण. मयूर शेळके आठवतोय ना, वांगणी स्टेशनवरचा पॉइंट्समन? १७ एप्रिल २०२१, रुळावर पडलेलं पोर उचललं आणि गाडी मागोमाग गेली. त्याची थोरवी कमी करत नाही, माणूस सोनंच. पण कॅमेरा होता म्हणून देशानं पाहिलं. सियागंजच्या गल्लीत पहाटे साडेपाचला काय होता, तर पाऊस.

भोपाळला १९८४ च्या वायुगळतीच्या रात्री उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी गोरखपूरहून मुंबईला जाणारी खच्चून भरलेली गाडी वेळेआधी काढून दिली, येणाऱ्या गाड्या थांबवायला लावल्या. स्वतः मात्र त्याच स्टेशनात थांबले. पुढं त्या वायूचा त्रास भोगत २००३ साली गेले. आपल्याच राज्यातली गोष्ट, भोपाळ इंदुरापासून चार तासांवर. किती जणांना हे नाव दहा वर्षांपूर्वी ठाऊक होतं? मला नव्हतं.

---

नर्मदाकाठ

आणि कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे. २६/११ ला त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. दारं लावून, दिवे मालवून त्यांनी रात्र काढली. मला जास्त वाटतं ते नंतरचं. त्यांनी कसाबची ओळख पटवली, साक्ष दिली. त्या रात्री धाडस करताना विचार करायला वेळच नसतो. साक्षीला जाताना मात्र घरून निघून, जिना उतरून, रिक्षा करून जावं लागतं. प्रत्येक पायरीवर परत फिरता येतं.

जेलरोडकर, तुमच्या हम्मालदादांनी 'संग में कोई चलेगा क्या' विचारलं ते मला म्हणून कळलं.

---

काळाकोट

+१. आणि कायदा सांगायचा तर जखमी साक्षीदाराच्या साक्षीला न्यायालयं फार वजन देतात. तो तिथं होता याचा पुरावा त्याच्या अंगावरच असतो.

---

निवृत्त_बाबू

कलेक्टर कचेरीत छत्तीस वर्षं टेबलं बदलली. उशिरा लिहितोय, पण पदकाचा विषय कोणी काढलाच नाही.

जीवन रक्षा पदक म्हणून केंद्राचं पदक आहे, १९६१ पासून. तीन दर्जे : सर्वोत्तम, उत्तम आणि नुसतं जीवन रक्षा पदक. बुडताना, आगीत, विजेच्या धक्क्यातून, जनावराच्या हल्ल्यातून असा कोणाचा जीव वाचवला त्यासाठी. प्रसंगावधान राखून केलेलं धाडस आणि वाचवणाऱ्याच्या जिवाला किंवा अंगाला असलेला धोका, हे बघतात. रोख रक्कम अनुक्रमे दोन लाख, दीड लाख, एक लाख. यादी २६ जानेवारीच्या सुमारास निघते. प्रस्ताव जिल्ह्यातून राज्याकडे, राज्यातून दिल्लीला गृह मंत्रालयात.

आता मुद्द्याचं. घटनेला दोन वर्षं उलटली की प्रस्ताव घेत नाहीत. तुमची मुदत जुलै २०२६ ला संपते, आणि फाइल भोपाळमार्गे जाते. म्हणजे दिवाळीच्या आत द्या.

प्रस्ताव लिहिताना 'शूरवीर', 'नरसिंह', 'मालव्याचा वाघ' असले शब्द घालू नका. मी असे प्रस्ताव परत येताना पाहिलेत. किती वाजता, किती अंतरावर, हत्यार काय, पात्याची लांबी पंचनाम्यात किती, याच्या हातात काय होतं, मध्ये गेला नसता तर काय झालं असतं. बस. एफआयआर, वैद्यकीय अहवाल, दोन प्रत्यक्षदर्शींचे जबाब. विशेषणाला शिक्का मारता येत नाही.

मंगळवारी कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज-तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईत द्या. आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

---

मिलकामगारपुत्र

बाबूसाहेब बरोबर बोलले. कागद लांबला की काय होतं ते इंदुराला शिकवायला नको. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ ला बंद पडली, कामगारांचे पैसे हातात आले डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. माझे वडील तोवर फोटोत गेले होते. यंदा विसर्जनाच्या झांक्या (मिलांचे चित्ररथ) बघताना आई म्हणाली, मिल गेली पण झांकी निघतेच. जेलरोडकर, 'करू, करू' म्हणू नका. या मंगळवारी जा.

---

जेलरोडकर | २४ सप्टेंबर

काल पेशी होती. आम्ही तिघं गेलो : मी, नर्मदाकाठ ताई (हो, त्या देवासहून आल्या) आणि मंडळाचा एक पोरगा. दादानं सन्मानपत्राची फ्रेम पिशवीत घालून आणली होती. मी विचारलं कशाला, तर म्हणाला, जजसाहेब विचारतील 'तू कोण', तर दाखवीन.

साक्ष झाली नाही. समोरचे वकील आजारी. चार तास बाकड्यावर बसलो, तारीख मिळाली १८ नोव्हेंबर.

भत्त्याचं मात्र मागितलं. सरकारी वकिलांनी आधी आमच्याकडे असं पाहिलं जसं काही उपासाला साबुदाण्याऐवजी कांदाभजी मागितली. मग कारकुनाला सांगितलं. अर्ज दिलाय.

---

काळाकोट

तहकुबीचं लक्षात ठेवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत (फौजदारी खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) पक्षकाराच्या हाताबाहेरचं कारण असलं तरी दोनपेक्षा जास्त तहकुबी द्यायची नाही असं लिहिलंय. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही पाहालच. पण सरकारी वकिलांना आठवण करून देण्यात पाप नाही.

---

रोखठोक_७१

१८ ला मी येतो. निवृत्त आहे, घरी बसून मतं देण्यापेक्षा बाकड्यावर बसतो.

---

जेलरोडकर | ४ नोव्हेंबर

बाबूसाहेब, दिवाळीच्या आत नाही जमलं, दोन आठवडे उशीर झाला. आज मंगळवार, जनसुनवाईत प्रस्ताव दिला. आवक नंबर मिळाला. प्राधिकरणातला भरपाईचा अर्ज मागच्याच महिन्यात गेला, त्यांनी दिव्यांगता प्रमाणपत्र मागितलंय, त्याची तारीख मिळालीये. टपरीवरचे दोघं आठवडाभर दिसले नाहीत. हाताच्या डॉक्टरांना दाखवलं. सांधे फार आखडलेले नाहीत म्हणाले, पुढं बघू.

प्रस्ताव लिहायला रविवारी त्याला घरी बोलावलं होतं. मी लिहिलं होतं, 'ते धावत गेले'. तो म्हणाला, "दौड़ के कहाँ भिया, पीठ पे बोरी थी. चल के गया." पोतं साखरेचं होतं, पन्नास किलोचं. त्या मुलीजवळ पोचल्यावर टाकलं. रस्त्यावर आपटून फुटलं, पावसात साखर वाहून गेली. बाबूसाहेब म्हणाले होते ना, हातात काय होतं ते लिहा. लिहिलं.

आता ती दुसरी ओळ.

त्या आठवड्यात पेढीच्या वहीत हम्माल खात्यावर नोंद आहे : 'साखर १ नग नुकसान, २,०५० वजा'. अक्षर माझं आहे. शेठजींनी सांगितलं नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं. नग फुटला की ज्याच्या पाठीवर होता त्याच्या नावे टाकायचा, ही सवय. तो दवाखान्यात होता आणि मी वजा केले. परतल्यावर तीन महिने थोडे थोडे कापले. तो एका शब्दानं बोलला नाही, आणि या सप्टेंबरात मी त्याला हार घातला.

दिवाळीला नव्या वहीचं पूजन झाल्यावर शेठजींना जुनं पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, म्हणाले, परत कर आणि मला परत दाखवू नकोस. रविवारी प्रस्तावाची सही झाल्यावर पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं उजव्या हातानं नोटा मोजल्या आणि एक हजार पंचवीस माझ्याकडे सरकवले.

म्हटलं, हे काय?

"मुनीमजी, आधी शक्कर तो मेरी घरवाली सुबे जाके समेट लाई थी. गीली थी, पर चाय में चल गई."

आधी म्हणजे अर्धी. बराच वेळ वाद घातला. घेतले नाहीत त्यानं. ते १,०२५ कोणत्या खात्यावर टाकू, मला कळत नाहीये. निवृत्त_बाबू, सुचवा काही.

१८ ची पेशी सकाळी साडेदहाला. रोखठोक, नर्मदाकाठ ताई आणि आणखी कोणी येणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाण्याची बाटली आणा. मागच्या वेळी त्या मजल्यावर पाणी नव्हतं.